पदवी तिकडची, सनद इकडची

"वकीलकाका, ही डिग्री इथं चालेल ना?"

या वर्षात हा प्रश्न मला चौथ्यांदा आला. या वेळी विचारणारी आमच्याच सोसायटीतली मुलगी. नुकतीच बारावी झालेली, हुशार, वक्तृत्व स्पर्धांची बक्षिसं घरात मांडून ठेवलेली. सोबत तिचे बाबा. त्यांनी टेबलावर दोन माहितीपत्रकं ठेवली. एक इंग्लंडमधल्या तीन वर्षांच्या एलएलबीचं. दुसरं 'घरबसल्या परदेशी कायदा पदवी'वालं. पहिल्यासाठी राहता फ्लॅट तारण ठेवायची त्यांची तयारी होती. दुसरं त्या मानानं स्वस्त, म्हणून मनातून कल तिकडे. दोन्ही कागदांवर खाली मोठ्या अक्षरांत एकच गोष्ट छापलेली : जगात कुठेही करिअर.

मी शिवाजीनगर कोर्टात २७ वर्षं वकिली करतोय. चालेल की नाही चालेल, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण तसं सांगितलं की समोरच्याला वाटतं, हा जुना माणूस, याला जग काय माहीत! म्हणून त्या संध्याकाळी मी त्या दोघांना आपल्याच पुण्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितोय. पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात सध्या हा प्रश्न चाललाय, त्यांनी तरी वेळ काढून शेवटपर्यंत वाचा.

गोष्टीआधी एक शब्द नीट समजून घेऊ : सनद.

पदवी विद्यापीठ देतं. सनद बार कौन्सिल देते. तुम्ही कायदा शिकलात हे पदवीवरून कळतं. दुसऱ्याच्या वतीनं कोर्टात उभं राहायचा हक्क मात्र सनदेनं मिळतो. दोन कागद, दोन वेगळी खिडकी, दोन वेगळे नियम. बाहेरच्या माणसाला दोन्ही एकच वाटतात आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. हा घोटाळा आजचा नाही, चांगला सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

•••

कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १५ नोव्हेंबर १८६६, नाशिकचा. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेदजी, पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना. घर बेळगावात आणि मग पुण्यात. आईनं पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं. बहीण सुसी हिनं पुढे सेंट हेलेना शाळा काढली. त्या शाळेवरून आपल्यातले कितीतरी जण रोज जात असतील, त्या घराण्याची आठवण मात्र कुणाला येत नाही.

कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकली. मुलांच्या कॉलेजात एकटी मुलगी. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर ती हीच. आणि नुसती पास झाली नाही, पहिल्या वर्गात आली, आपल्या कॉलेजात पहिली आली. त्या क्रमांकावर येणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्लंडमध्ये शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. तिला ती नाकारली गेली. कारण एकच, ती मुलगी होती. शिष्यवृत्ती देताना मुलींचा विचार कुणी केलाच नव्हता!

मग काही काळ तिनं अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवलं. समोर बसलेले विद्यार्थी सगळे पुरुष. दरम्यान इंग्लंडमधल्या काही मंडळींनी तिच्यासाठी पैसे उभे केले. लेडी हॉबहाउस त्यांत पुढे होत्या, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचंही नाव त्यांत आहे. १८८९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ती ऑक्सफर्डला समरव्हिलमध्ये दाखल झाली.

कायदा शिकायचा म्हणाली, तर तिथंही अडचण. परीक्षेची वेळ आली तेव्हा बाईला परीक्षेला बसू द्यायचं की नाही यावर विद्यापीठात खल झाला. शेवटी १८९२ मध्ये खास ठराव करून तिला 'बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ'च्या परीक्षेला बसू दिलं. त्या परीक्षेला बसलेली ती पहिली स्त्री. पास झाली. पण पदवी? ती नाही दिली. ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदव्या देत नव्हतं, परीक्षा तेवढी घेत होतं. १९२० मध्ये तो नियम बदलला आणि १९२२ मध्ये तिच्या हातात पदवी पडली. परीक्षा आणि पदवी यांच्यात बरोबर तीस वर्षं.

इथपर्यंत ऐकून मुलीचे बाबा म्हणाले, "पण अहो, तो जुना काळ. आणि ऑक्सफर्डचं नाव म्हणजे इकडे आल्यावर लोकांनी डोक्यावर घेतलं असेल."

घेतलं ना! कौतुक भरपूर झालं. काम मिळेना.

लंडनमध्ये एका सॉलिसिटर कंपनीत अनुभव घेऊन कॉर्नेलियाबाई परत आल्या. त्यांना वकिली करायची होती. हायकोर्टात बाई वकील म्हणून नोंदवायची सोय नव्हती. १८९६ मध्ये पुण्यातल्या कोर्टात त्या एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या बाजूनं उभ्या राहिल्या. हे कसं जमलं? तर फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात एक फट होती. न्यायालयाच्या परवानगीनं वकील नसलेली व्यक्तीही आरोपीची बाजू मांडू शकत होती. म्हणजे ऑक्सफर्डची परीक्षा पास झालेली बाई आपल्या गावच्या कोर्टात उभी राहिली ती वकील म्हणून नाही, 'इतर व्यक्ती' म्हणून. एका खटल्यापुरती परवानगी. पुढच्या खटल्याला पुन्हा न्यायाधीशाची मर्जी.

कदाचित परदेशी परीक्षेमुळे अडलं असेल, म्हणून १८९७ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली. तरी सनद नाही. मग अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली, १८९९ मध्ये पास झाल्या. तरी सनद नाही. इंग्लंडची परीक्षा झाली, मुंबईची पदवी झाली, अलाहाबादचीही परीक्षा झाली. कागदांचा ढीग वाढत होता, दार काही उघडत नव्हतं. कारण ते दार पदवी कमी पडल्यामुळे बंद नव्हतंच. नियमात बाई बसत नव्हती.

हे मी अलंकारिक म्हणत नाही. १९१६ मध्ये कलकत्त्यात रेजिना गुहा यांनी नोंदणीसाठी अर्ज केला. कायद्यात शब्द होता 'व्यक्ती'. हायकोर्टानं ठरवलं की वकिलांच्या कायद्यातल्या या 'व्यक्ती'त स्त्री येत नाही. १९२१ मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांनाही नकारच मिळाला.

मग कॉर्नेलियाबाईंनी केलं काय? रडत बसल्या नाहीत. त्यांच्या लक्षात आलं की पडद्यातल्या बायका, संस्थानिकांच्या आणि जमीनदारांच्या विधवा, यांच्याकडे इस्टेट आहे पण पुरुष वकिलासमोर त्या येऊ शकत नाहीत. कारभारी, दीर, मुनीम त्यांना वाटेल तसे लुबाडतात. तिथं कायदा जाणणारी बाईच लागणार. त्यांनी सरकारच्या मागे लकडा लावला. १९०४ मध्ये बंगालच्या 'कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स'मध्ये त्यांना नेमलं गेलं. पुढची जवळजवळ वीस वर्षं बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम. पालखीतून, होडीतून, हत्तीवरून प्रवास. सहाशेहून जास्त बायका आणि अनाथ मुलं यांच्या हक्कांची कामं त्यांनी पाहिली. सनद नसताना.

शेवटी १९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं त्यांना वकील म्हणून नोंदवून घेतलं. १९२३ मध्ये 'लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) अ‍ॅक्ट' आला आणि केवळ स्त्री आहे म्हणून नोंदणी नाकारायची नाही, असं सगळ्या देशासाठी ठरलं. १९२४ मध्ये त्यांनी कलकत्त्यात रीतसर वकिली सुरू केली. वय ५७. तिथंही पुरुष मंडळींनी त्यांना कोर्टात उभं राहू देण्यापेक्षा लेखी मतं लिहायची कामं दिली. पाच वर्षांत त्यांनी आवरतं घेतलं, इंग्लंडला गेल्या. ६ जुलै १९५४ ला तिकडेच वारल्या.

एक गोष्ट लपवायची नाही. त्या इंग्रजी राज्याच्या बाजूच्या होत्या. गांधीजींच्या चळवळीवर त्यांनी टीका केली. पुण्यानं त्यांना विसरायला हेही एक कारण असणार. मतं पटोत न पटोत, त्यांनी सोसलेला नियम सगळ्यांच्या लेकींचा होता.

आणि आता योगायोग बघा. ज्या १९२४ साली कॉर्नेलियाबाईंनी सत्तावन्नाव्या वर्षी वकिली सुरू केली, त्याच १९२४ साली त्यांच्या पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचं लॉ कॉलेज सुरू झालं. ज्यावरून आपल्या लॉ कॉलेज रोडला नाव पडलं, तेच.

•••

मुलगी म्हणाली, "काका, पण त्यांना बाई म्हणून अडवलं. पुरुषांना तर बॅरिस्टर झालं की लगेच मिळत होतं ना?"

प्रश्न बरोबर होता. मिळत होतं. इंग्लंडचा बॅरिस्टर म्हणजे इथं सरळ हायकोर्टात. म्हणून तर घरं, दागिने, जमिनी विकून पोरं बोटीवर चढत होती. पण बॅरिस्टर होणं म्हणजे काय होतं, तेही ऐका.

मोहनदास गांधी १८८८ मध्ये लंडनच्या इनर टेंपलमध्ये दाखल झाले. दोन अटी. एक, परीक्षा. दोन, बारा टर्म 'भरणं', म्हणजे साधारण तीन वर्षं. टर्म भरणं म्हणजे वर्गात बसणं नव्हे. टर्ममधल्या चोवीसेक मेजवान्यांपैकी निदान सहांना हजर राहणं! हजेरी जेवणाची. हे गांधीजींनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. परीक्षाही नोट्स वाचून काही महिन्यांत होण्यासारख्या होत्या. आज आपण ऑनलाइन कोर्सला हसतो, 'नुसतं लॉग-इन करून हजेरी' म्हणतो. त्या काळी जेवून हजेरी लागायची, एवढाच फरक.

१० जून १८९१ ला ते बॅरिस्टर झाले. ११ ला नाव नोंदवलं. १२ ला बोटीत बसले. मुंबईला आले आणि कळलं की हिंदुस्थानचा कायदा आपल्याला येतच नाही. स्मॉल कॉज कोर्टात पहिली केस, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. पैसे परत करून निघून आले. काही महिन्यांत मुंबईचं बिऱ्हाड मोडलं, राजकोटला अर्ज लिहून द्यायच्या कामाला लागले. सनद हातात, पण हात कामाला बसलेला नाही.

आता उलटं उदाहरण. आपल्या फर्ग्युसनचे विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले, ग्रेज इनमध्ये. परीक्षा पास झाले. पण १९०९ मध्ये इनच्या मंडळींनी त्यांना बॅरिस्टर म्हणून घ्यायला नकार दिला. कारण राजकारण. अभ्यास पूर्ण, परीक्षा पूर्ण, सनद नाही. ती देणारा जो असतो तो 'नाही' म्हणू शकतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

त्याच ग्रेज इनमध्ये १९१६ मध्ये भीमराव आंबेडकर दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्रानं कर्ज दिलं, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठता आलं. १९२२ मध्ये बॅरिस्टर. १९२३ मध्ये परत. आणि मुंबईत वकिली सुरू करायची तर सनदेची फी भरायला पैसे नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आले.

बरं, सनद मिळाली. मग अशिलांची रांग लागली का? मुळीच नाही. हायकोर्टात मोठी कामं यायची ती सॉलिसिटरांच्या हातून, आणि अस्पृश्य मानलेल्या बॅरिस्टरला ते कामं देईनात. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन अशा तीन पाट्या नावामागे असलेला माणूस १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवून घर चालवत होता.

त्यांचं नाव वकील म्हणून ज्या खटल्यानं गाजलं, तो पुण्याचा. दिनकरराव जवळकरांच्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून बदनामीचा खटला झाला. जवळकर, केशवराव जेधे, बागडे आरोपी. फिर्यादीकडून पुण्यातले नामांकित वकील ल. ब. भोपटकर. १९२६ मध्ये आंबेडकर आरोपींकडून उभे राहिले आणि खटला जिंकला. काम दिलं ते ब्राह्मणेतर चळवळीतल्या लोकांनी, ज्यांना त्यांची गरज होती आणि ज्यांचा त्यांच्यावर विश्वास होता. पदवी लंडनची, पण वकील म्हणून उभं केलं ते इथल्या माणसांनी.

•••

इथं मुलीचे बाबा जरा अस्वस्थ झाले. "म्हणजे तुम्ही म्हणताय, जाऊच नको?"

असं मी मुळीच म्हणत नाही. इतिहासातून आजच्या खिडकीवर येऊ.

१९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनं बॅरिस्टर, वकील, प्लीडर हे सगळे वेगळे दर्जे मोडून एकच वर्ग ठेवला : अ‍ॅडव्होकेट. इंग्लंडच्या बॅरिस्टरला इथं सरळ सनद मिळायची ती सोय ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बॅरिस्टर झालेल्यांपुरती राहिली. म्हणजे ज्या दारातून गांधी, आंबेडकर आत आले, ते दार बंद होऊन पन्नास वर्षं होत आली. तरी आपल्या घराघरांत अजून 'लंडनला जाऊन बॅरिस्टर होईल' हेच स्वप्न चालू आहे. स्वप्नाला तारीख कळत नाही.

आज काय आहे, ते एकेक करून सांगतो.

पहिलं, घरबसल्या एलएलबी. सनदेसाठी ती चालत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाला वर्गात बसून, निदान ७० टक्के हजेरी भरून केलेलं शिक्षण लागतं. यूजीसीनंही दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं कायद्याची पदवी द्यायला मनाई केली आहे, जशी वैद्यकीय आणि इंजिनिअरिंगला आहे. नोकरी सांभाळून कायदा शिकायची इच्छा असलेले पुण्यात शेकड्यांनी आहेत. हिंजवडी, खराडीहून मला मेसेज येतात. त्यांची अडचण खरी आहे, आणि तिचाच फायदा जाहिरातवाले घेतात. जाहिरातीत 'मान्यताप्राप्त' लिहिलेलं असतं. कुणाची मान्यता, ते विचारा.

म्हणून ऑनलाइन सगळं टाकाऊ का? नाही. नेल्सन मंडेलांनी तुरुंगातून पत्रद्वारे कायदा शिकून १९८९ मध्ये साउथ आफ्रिका विद्यापीठाची एलएलबी मिळवली. पण वकिलीचा परवाना त्यांच्याकडे कितीतरी आधीच होता, तुरुंगात जाण्यापूर्वी ते जोहान्सबर्गमध्ये वकिली करत होते. ज्ञानासाठी घरबसल्या शिका, जरूर शिका. सायबर कायदा, पेटंट-ट्रेडमार्क, करारांचे मसुदे यांचे ऑनलाइन कोर्स करून कंपन्यांच्या लीगल विभागात पुढे गेलेली मुलं मी पाहिली आहेत. करार तपासायच्या नोकरीत सनद दर वेळी मागत नाहीत. कोर्टात उभं राहायचं असेल तर मात्र सनद लागतेच.

दुसरं, परदेशातली एलएलबी. ते विद्यापीठ आणि तो कोर्स बार कौन्सिलला मान्य आहे का, ते आधी बघावं लागतं. परत आल्यावर इथल्या कायद्यांवर पात्रता परीक्षा द्यावी लागते. आणि सगळ्यात मोठी मेख वर्षांची. आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षं, किंवा पदवीनंतर तीन वर्षं. इंग्लंडमध्ये बारावीनंतर तीनच. म्हणजे मुलगी तिकडून पास होऊन आली तरी इथल्या हिशेबानं दोन वर्षं कमी पडतात आणि ती भरून काढावी लागतात. माझ्याकडे आलेल्या एका ज्युनिअरचं असंच झालं. तिकडची पदवी घेऊन आला, घरच्यांनी पेढे वाटले, आणि सनद हातात पडेपर्यंत आणखी अडीच वर्षं गेली. तोवर त्याच्या बरोबरीची इथली मुलं स्वतःच्या केसेस चालवत होती. पैसा गेला त्याचं त्याला एवढं लागलं नाही. आई-वडिलांना 'अजून वकील झालो नाही' हे दर दिवाळीला सांगायला लागायचं, ते लागलं.

तिसरं, एलएलएम. इथं एलएलबी करून, सनद घेऊन, मग एका वर्षाच्या एलएलएमला बाहेर जाणं. लवाद, आंतरराष्ट्रीय व्यापार, स्पर्धा कायदा, मानवी हक्क यांत काम करायचं असेल तर याचा खरा उपयोग होतो. सनद आधीच खिशात असते, त्यामुळे परत यायची वाट बंद होत नाही. प्राध्यापक व्हायचं असेल तर समकक्षतेचा दाखला आणि नेट-सेट यांची चौकशी जायच्या आधी करा.

चौथं, तिकडेच राहायचं. मग तिकडची सनद. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सॉलिसिटर व्हायला 'एसक्यूई' नावाची सामायिक परीक्षा आहे आणि इथले वकीलही ती देऊ शकतात. म्हणजे तिकडे जायचं दार इथल्या एलएलबीतूनही निघतं. हे माहितीपत्रकात कुणी छापत नाही! पण परीक्षा पास झाल्यावर नोकरी आणि व्हिसा हे दोन डोंगर वेगळे उभे असतात.

पाचवं, न्यायाधीश. ज्यांना दिवाणी न्यायाधीश व्हायचंय त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ती वकिली सनद घेतल्यावरचीच.

आणि सनद मिळाली की संपलं, असंही नाही. ऑल इंडिया बार परीक्षा पास व्हावी लागते. त्यानंतर ज्युनिअरशिप. सुरुवातीची तीन-चार वर्षं शिवाजीनगरला ज्युनिअरच्या हातात काय पडतं, ते कोणत्याही ज्युनिअरला चहा पाजून विचारा. साक्षीदार मराठी बोलतो, सातबारा मराठी, पोलिसांचा पंचनामा मराठी. तालुक्याच्या कोर्टात ऑक्सफर्डच्या इंग्रजीपेक्षा फेरफार वाचता येणं उपयोगी पडतं.

एक चांगली गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सनदेच्या फीसाठी आंबेडकरांना मित्राकडे जावं लागलं होतं. परवापरवापर्यंत राज्याराज्यांच्या बार कौन्सिल नोंदणीला पंधरा हजार, काही ठिकाणी चाळीस हजारांच्या वर घेत होत्या. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्यात लिहिलेल्यापेक्षा जास्त घेता येणार नाही : ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. शंभर वर्षं लागली.

•••

सगळं ऐकून झाल्यावर ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण काका, कॉर्नेलिया गेलीच नसती तर?"

खरं सांगतो, याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. ती गेली नसती, परत येऊन तीनदा हायकोर्टांची दारं वाजवली नसती, तर 'बाई वकील का नाही' हा प्रश्न आणखी किती वर्षं कुणी विचारला नसता, कोण जाणे. मी ते कबूल केलं. मग एवढंच म्हणालो, "बाळ, ती गेली कारण तिला इथं वाट नव्हती. शिष्यवृत्ती नाही, सनद नाही. तुझ्यासाठी लॉ कॉलेज रोड दहा मिनिटांवर आहे आणि त्याचं दार उघडं आहे. तू जा, पण तुला तिकडे काय हवंय ते ठरवून जा. इथं वकिली करायची आहे म्हणून जात असशील, तर वाट उलटी पडेल."

बाबांनी माहितीपत्रकं गुंडाळून पिशवीत ठेवली. त्यांचं काय ठरलं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. परवा जिन्यात भेटली तेव्हा सीईटीचा फॉर्म कधी निघतो, एवढं तिनं विचारलं. बाहेर जायचं तिनं सोडलेलं नाही. पाच वर्षांनी, सनद घेऊन, म्हणते.

ज्यांच्या घरात हा विषय चालू आहे, त्यांनी फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. या पदवीवर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल सनद देईल का? नसेल देत, तर वर किती वर्षं आणि कोणती परीक्षा? आणि वकिली करायची आहे ती नेमकी कुठल्या गावात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एजंटकडून घेऊ नका. बार कौन्सिलकडूनच घ्या, कागदावर. तिसऱ्याचं उत्तर मुलाला किंवा मुलीला देऊ द्या.

परदेशातून शिकून येऊन इथं सनद घेतलेले कुणी हे वाचत असतील, तर तुम्हाला किती काळ लागला आणि कुठं अडलं ते खाली जरूर लिहा. माझं कुठं चुकलं असेल तर दुरुस्तही करा. त्या मुलीचे बाबा कमेंट वाचतात, मला माहीत आहे.